रणगाड्यावरचा मुलगा आणि टेबलापलीकडचा मेजर

यानुश गायोस हा पोलिश नट मला भेटला तो उलट्या क्रमाने. आधी बाप, मग मेजर, आणि सगळ्यात शेवटी रणगाड्यावरचा मुलगा. पोलंडमधल्या लोकांनी त्याला नेमकं याच्या विरुद्ध दिशेने पाहिलं. त्यांनी आधी कुत्र्याला घेऊन लढाईवर निघालेल्या सोनेरी केसांच्या पोरावर जीव लावला, आणि मग बऱ्याच वर्षांनी त्याच पोराला एका निरपराध बाईचा छळ करताना पाहिलं. नटाचं एक काम बघताना त्याची आधीची किती कामं आपल्या डोळ्यांत असतात, आणि ती नसली तर आपल्या हातून काय निसटतं, हा प्रश्न मला गायोसमुळे पडला आणि अजून सुटलेला नाही.

बाप मी पुण्यात फिल्म सोसायटीच्या खेळात पाहिला. पोलिश दिग्दर्शक किश्लोव्स्कीची 'डेकालॉग' ही दहा भागांची मालिका पोलिश टेलिव्हिजनसाठी १९८८च्या सुमारास तयार झाली. तिच्या चौथ्या भागात एक बाप आणि त्याची अभिनय शिकणारी मुलगी आहे. मुलीची आई तिच्या जन्मानंतर पाचच दिवसांत वारलेली. घरात एक बंद पाकीट आहे आणि त्यावर बापाच्या अक्षरात लिहिलंय की माझ्या मृत्यूनंतर उघडावं. बाप परगावी जातो तेव्हा ते तिच्या हाती लागतं. तो परत येतो तेव्हा विमानतळावरच ती त्याला आईचं पत्र तोंडपाठ म्हणून दाखवते. तू माझा बाप नाहीस, असा त्याचा अर्थ. तो तिच्या थोबाडीत मारतो. मग घरी परतल्यावर दोघं रात्रभर बोलत राहतात.

या रात्री गायोस फारसं काही 'करत' नाही. बसतो, उठतो, पितो, ऐकतो. पण तो ऐकतो कसा, हे बघण्यासारखं आहे. मुलगी बोलत असताना त्याचा चेहरा उत्तराची तयारी करत नाही. आपल्याकडे पुष्कळ चांगले नटसुद्धा समोरच्याचं वाक्य संपायची वाट बघत उभे असतात, ते त्यांच्या खांद्यांवरून कळतं. गायोसचे खांदे सैल असतात. आपण ते पाकीट इतकी वर्षं मुद्दाम हाताशी येईल असं ठेवून जात होतो, तिने ते उघडावं असं कुठेतरी वाटतही होतं, हे तो कबूल करतो तेव्हा ते वाक्य त्याला स्वतःलाही तेव्हाच सुचल्यासारखं वाटतं. पुढे कळतं की मुलीने पत्र उघडलेलंच नव्हतं, मजकूर तिने रचला होता. शेवटी दोघं मिळून ते न वाचता जाळतात.

त्या दिवशी मी घरी आले ती या नटाचं नाव वहीत लिहून. पोलंडमध्ये हे नाव कुणाला लिहून घ्यावं लागत नाही, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

गायोसचा जन्म २३ सप्टेंबर १९३९चा, दोंब्रोवा गुर्निचा या कोळसा खाणींच्या पट्ट्यातल्या गावचा. जर्मनीने पोलंडवर हल्ला केला त्याला तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते. शेजारच्या बेंजिनमध्ये यान दोर्मान नावाच्या दिग्दर्शकाचं मुलांसाठीचं नाटकघर होतं, बाहुल्यांचं. गायोसची उमेदवारी तिथे झाली. लॉड्झच्या फिल्म संस्थेने, म्हणजे जिथे आंजेय वायदा, रोमान पोलान्स्की आणि पुढे किश्लोव्स्की हे दिग्दर्शक शिकले त्या संस्थेने, त्याला तीन वेळा प्रवेश नाकारला. चौथ्या वेळी घेतलं. १९६५ साली तो तिथून बाहेर पडला आणि लगेच त्याला ती भूमिका मिळाली.

मालिकेचं नाव 'चौघे रणगाडेवाले आणि कुत्रा'. १९६६ ते १९७० या काळात २१ भाग, कृष्णधवल. यानुश प्शिमानोव्स्की या लष्करात अधिकारी असलेल्या लेखकाच्या कादंबरीवर बेतलेली. 'रुडी' नावाचा टी-३४ रणगाडा, त्यावर १०२ हा आकडा, आत चार जण आणि शारिक नावाचा कुत्रा. रोमान विल्हेल्मीने यातल्या ओल्गिएर्द या पहिल्या कमांडरचं काम केलं. तो लढाईत मारला जातो आणि मग रणगाड्याचं नेतृत्व यानेक कोसकडे, म्हणजे गायोसकडे येतं. फ्रांचिशेक पिएच्काचा गुस्तलिक हा आडदांड आणि प्रेमळ, पोला राक्साची मारुसिया ही रशियन परिचारिका यानेकची प्रेयसी. पोलंडभर मुलांनी रणगाडेवाल्यांचे क्लब काढले. अंगणांत मुलं 'रुडी-रुडी' खेळायची आणि यानेक कोण होणार यावरून मारामाऱ्या व्हायच्या. पूर्व जर्मनी, चेकोस्लोव्हाकिया, सोव्हिएत संघ, सगळीकडे मालिका दाखवली गेली. पंचविशी ओलांडलेला गायोस पडद्यावर मिसरूड न फुटलेला पोरगा दिसायचा.

मी ती मालिका अगदी अलीकडे उपशीर्षकं लावून पाहिली. बांधणी उत्तम आहे. विनोद, साहस, मैत्री, कुत्र्याची हुशारी, सगळं जागच्या जागी. लहानपणी बघितली असती तर मीही त्या रणगाड्यात चढले असते. पण पहिल्याच भागात मी अडखळले. गोष्ट सुरू होते ती सोव्हिएत संघाच्या पार पूर्व टोकाला, उसुरी नदीकाठच्या जंगलात. तिथे यानेक एका म्हाताऱ्या रशियन शिकाऱ्याजवळ राहतोय. त्याचे वडील १९३९च्या वेस्टरप्लाटेच्या लढाईनंतर बेपत्ता आहेत आणि हा त्यांच्या शोधात निघालेला आहे. एक पोलिश मुलगा घरापासून इतक्या हजार किलोमीटरवर कसा पोचला, याचं मालिकेत धड उत्तर नाही.

याचं उत्तर कोल्हापूरकरांना ठाऊक आहे. १९४० आणि ४१ साली सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधली लाखो माणसं, बायकामुलांसकट, मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकली. हिटलरने सोव्हिएत संघावर हल्ला केल्यावर स्टालिनने त्यांना 'माफी' दिली. पोलिश जनरल आंदेर्सच्या सैन्याबरोबर त्यांतले काही १९४२मध्ये इराणमार्गे बाहेर पडले. त्यांच्यातलीच सुमारे पाच हजार माणसं, मुख्यतः बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिली. ज्यांना आंदेर्सचं सैन्य गाठता आलं नाही, त्यांच्यातले कितीतरी जण पुढे ओका नदीकाठी सेल्त्से इथे १९४३ साली उभ्या राहिलेल्या, मॉस्कोच्या छत्राखालच्या पोलिश तुकडीत भरती झाले. यानेक कोस त्याच तुकडीतला. खरा यानेक कदाचित आईबरोबर मालगाडीतून सायबेरियात गेला असता. नशीब थोडं वेगळं असतं तर वळिवड्याच्या शाळेतही बसला असता. मालिकेने ही सगळी वाट पुसली आणि त्या जागी एक साहसी, हसरा पोरगा उभा केला. तो लोकांना पटला, कारण गायोस पटणारा नट होता.

हे मी दोष म्हणून लिहीत नाही. नुकताच संस्थेतून बाहेर पडलेला नट, त्याला पहिलीच मोठी भूमिका मिळालेली. पण त्याचा चेहरा कुणाच्या गोष्टीने घराघरात नेला, हे लक्षात ठेवल्याशिवाय पुढचं कळत नाही. २००६ साली, कम्युनिस्ट राजवट जाऊन दीड दशक उलटल्यावर, पोलिश सरकारी वाहिनीने याच इतिहासाच्या मोडतोडीवरून ही मालिका काही काळ बंद ठेवली होती. पुढे ती परत आली आणि लोक अजूनही ती आवडीने बघतात. वादही चालू आहे आणि प्रेमही.

मालिका संपली आणि गायोसचं काम अडलं. कोणत्याही दिग्दर्शकाने त्याला गंभीर भूमिका द्यायची म्हटली की प्रेक्षकांना यानेकच दिसणार. माझा एक मित्र रोज रात्री लागणाऱ्या मालिकेत मोठ्या भावाचं काम करायचा. त्याच्या नाटकाच्या प्रयोगाला मी चिंचवडला गेले होते. नाटकात तो खुनी होता. पहिल्या प्रवेशाला तो आला आणि बाल्कनीतून कुणीतरी प्रेमाने "दादा!" अशी हाक मारली. सभागृह हसलं. त्या हाकेत वाईट काहीच नव्हतं, उलट माया होती, आणि म्हणूनच त्यावर त्याला काही करता येईना. पुढचा पाऊण तास तो त्या हाकेशी झुंजत होता. गायोसच्या बाबतीत हाक मारणारा अख्खा देश होता.

सत्तरचं दशक त्याने वॉर्सात काढलं. क्वाद्रात या विनोदी नाटकं करणाऱ्या थिएटरात तो होता, सिनेमात छोटी कामं करत होता. मग ओल्गा लिपिन्स्काच्या टीव्हीवरच्या कॅबरेमध्ये त्याला तुरेत्स्की मिळाला, नाटकगृहातला मंद डोक्याचा शिपाई. प्योत्र फ्रोन्चेव्स्की, यान कोबुशेव्स्की अशा पट्टीच्या विनोदी नटांच्या गर्दीत हा शिपाई टोपी घालून मख्ख चेहऱ्याने उभा राहतो आणि भलतंच काहीतरी समजून घेतो. त्याचे काही तुकडे मी पाहिले आहेत. भाषा कळत नसतानाही हसू आलं. यानेकचा देखणेपणा त्याने इथे पार मोडून टाकला. डोळ्यांतली चमक विझवली, खालचा ओठ लोंबता ठेवला, चालण्यातला सगळा जोम काढून घेतला. नायकाच्या भूमिकेतून सुटायला बहुतेक जण खलनायक होतात. याने आधी विदूषक व्हायचं ठरवलं. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतला सगळ्यात धाडसी निर्णय हाच.

आणि मग 'प्शेस्वुखानिए', म्हणजे 'चौकशी'.

रिशार्द बुगायस्कीचा हा चित्रपट वायदा प्रमुख असलेल्या चित्रपट गटात तयार झाला. काळ १९५०च्या दशकाची सुरुवात, स्टालिनी पोलंड. तोनिया नावाची एक कॅबरे गायिका. कार्यक्रमानंतर दोन माणसं तिला भरपूर दारू पाजतात आणि जाग येते तेव्हा ती गुप्त पोलिसांच्या कोठडीत असते. का, ते तिला कळत नाही आणि कुणी सांगत नाही. क्रिस्तिना यांदाने हे काम असं केलंय की बघणाऱ्याचा श्वास कोंडतो. तिच्यासमोर टेबलाच्या पलीकडे मेजर झावादा बसतो. तो गायोस.

मेजर सुरुवातीला आरडाओरडा करत नाही. तो समजावतो. घरातल्या वडीलधाऱ्याने हट्टी मुलीशी बोलावं तसा. तुझी सगळी हकिगत सांग, लहानपणापासून, काही गाळू नकोस. तिला वाटतं, हा माणूस ऐकतोय. 'डेकालॉग'मधल्या बापाचं ते ऐकणं मी आधी वर्णन केलं. इथेही तेच आहे, तेच सैल खांदे, तीच समोरच्याला पूर्ण जागा देणारी नजर. फक्त इथे तो जे ऐकतो त्याचं हत्यार करतो. आणि मग क्षणात आवाज बदलतो. एका प्रसंगात तोनियाला अरुंद कोठडीत कोंडून पाणी सोडतात, ते चढत जातं. मेजरचं टोपणनाव 'न्हाणीघरवाला' असं आहे, आणि ते चित्रपटात कुणी सहज उच्चारलं तरी अंगावर काटा येतो.

चित्रपट पूर्ण होत होता तेव्हा, १३ डिसेंबर १९८१ला, पोलंडमध्ये मार्शल लॉ लागू झाला. सेन्सॉरने तो दाबून टाकला. बुगायस्की पुढे कॅनडात गेला. चोरून केलेल्या व्हिडिओ प्रती मात्र घरोघरी फिरल्या. लोकांनी खिडक्यांचे पडदे ओढून गायोसला मेजर म्हणून पाहिलं. अधिकृत प्रदर्शन १९८९च्या अखेरीस झालं आणि १९९०मध्ये यांदाला कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला.

मी 'चौकशी' पहिल्यांदा पाहिला तेव्हा मेजर मला उत्तम वठलेला खलनायक वाटला. त्यानंतर रणगाड्याचे भाग बघून झाले आणि 'चौकशी' पुन्हा लावला, तेव्हा तो मला बघवेना. टेबलापलीकडे यानेक बसला होता. ज्या पोराने बर्लिनपर्यंत जाऊन देश मुक्त केला, तोच आता गणवेश बदलून मुक्त झालेल्या देशातल्या बाईला पाण्यात बुडवत होता. वयाचा हिशेबही जुळतो. १९४५ला विशीत असलेला सैनिक १९५१ला सुरक्षा खात्यात मेजर झालेला असू शकतो. दोन्ही गोष्टी एकाच राजवटीच्या. एक तिने सांगितली आणि दुसरी लपवली. गायोसचा चेहरा त्या दोन्हींना जोडणारा शिवणीचा टाका झाला. बुगायस्कीने त्याला निवडताना हा विचार केला असेल की नाही, मला माहीत नाही. पण पोलिश प्रेक्षकाला तो टाळता आला नसणार. लाडक्या चेहऱ्यावर आपण विश्वास ठेवतो. मेजरचं सगळं काम त्या विश्वासावरच चालतं.

यानंतर गायोसने यानेकपासून पळणं सोडलं, असं मला वाटतं. लोकांना आपल्याविषयी वाटणारी माया त्याने वापरायला घेतली. वोइचेख मार्चेव्स्कीच्या १९९०च्या चित्रपटात तो गावातला सेन्सॉर आहे. थिएटरात चित्रपट चालू असताना पडद्यावरची पात्रं बंड करतात, ठरलेले संवाद म्हणायला नकार देतात. सेन्सॉर थेट पडद्यात शिरतो आणि आत त्याने आयुष्यभर कात्री लावलेली पात्रं त्याला भेटतात. पोलंडमध्ये सेन्सॉरशिप खरोखर बंद झाली तीही त्याच वर्षी. ग्दिनियाच्या महोत्सवात त्याला यासाठी अभिनयाचं पारितोषिक मिळालं. हा सेन्सॉर दमलेला आहे, दुष्ट नाही. त्याला एकेकाळी साहित्याची समज होती आणि त्याच समजेने त्याने साहित्य कापलं.

मराठी प्रेक्षकांतल्या बऱ्याच जणांनी त्याला किश्लोव्स्कीच्या 'व्हाइट'मध्ये (१९९४) पाहिलं असेल. पॅरिसच्या मेट्रोत भेटणारा, मरायची इच्छा असलेला मिकोवाय. वॉर्साच्या मेट्रोचं काम तेव्हा चालू होतं, त्या अर्धवट बोगद्यात त्याचा मित्र त्याच्यावर गोळी झाडतो. ती खोटी असते. पुढची खरी आहे, अजून हवी का, असं मित्र विचारतो. नको. मग दोघं गोठलेल्या व्हिस्तुला नदीवर शाळकरी पोरांसारखे घसरत सुटतात. पन्नाशी गाठलेला माणूस बर्फावर धावतो आणि क्षणभर त्यात रणगाड्यावरचा पोरगा दिसतो. तो त्याने येऊ दिला आहे.

रंगमंचाबद्दल लिहिल्याशिवाय त्याची गोष्ट पुरी होत नाही, आणि पोलंडमध्ये रंगमंच आणि टीव्ही ही दोन वेगळी गावं नाहीत. १९५३पासून सरकारी टेलिव्हिजन 'टेलिव्हिजनचं थिएटर' चालवत आलंय. वर्षानुवर्षं सोमवारच्या संध्याकाळी, देशातले सर्वोत्तम नट कॅमेऱ्यासमोर पूर्ण नाटक करायचे. मुंबई दूरदर्शनवर एकेकाळी नाटक लागायचं तेव्हा आम्ही जेवणं उरकून बसायचो, त्या पिढीला याचं मोल सांगायला नको. तिथे मात्र ती प्रथा सुटली नाही.

याच मालेत काझिमिएश कुत्सने १९९०मध्ये पॉल बार्झचं एक नाटक बसवलं. बाख आणि हँडेल हे एकाच साली जन्मलेले दोन संगीतकार प्रत्यक्षात कधीच भेटले नाहीत. नाटकात ते १७४७ साली लाइपझिगमध्ये एका जेवणाच्या टेबलाशी भेटतात. हँडेल जगभर गाजलेला, पैसेवाला, खवय्या. बाख गावातला चर्चचा संगीतकार, वीस पोरांचा बाप. येझी त्रेला हँडेलचा सेवक झालाय. हँडेल झालाय रोमान विल्हेल्मी, आणि बाख गायोस. म्हणजे रणगाड्याचा पहिला कमांडर आणि त्याची जागा घेणारा पोरगा. एकजण भरपूर बोलतो, खातो, दिमाख दाखवतो. दुसरा कोपऱ्यात अवघडून बसल्यासारखा बसतो, शिंपले कसे खायचे ते त्याला कळत नाही, आणि हळूहळू टेबलाचा तोल त्याच्याकडे झुकत जातो. विल्हेल्मी बहरात आहे आणि गायोस त्याला बहरू देतो. दोन थोर नट एकमेकांकडे इतकं नीट बघताना मी क्वचितच पाहिलेत. विल्हेल्मी पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९९१मध्ये गेला.

प्रत्यक्ष रंगमंचावर ऐंशीच्या दशकापासून गायोस वॉर्साच्या पोव्शेख्नी थिएटरात होता आणि २००३पासून नारोदोव्ही या राष्ट्रीय नाट्यगृहात. वायदाने २००२ साली फ्रेद्रोच्या 'झेम्स्ता' या एकोणिसाव्या शतकातल्या सुखात्मिकेवर चित्रपट केला. तिथल्या शाळकरी मुलांनाही या नाटकातले संवाद पाठ असतात. त्यात रागीट चेश्निकचं काम गायोसकडे आलं. २०१५मध्ये मावगोझाता शुमोव्स्काच्या चित्रपटात तो पुन्हा बाप झाला, प्रेतं बघून बघून निबर झालेला सरकारी वकील. त्याची मुलगी आईच्या मृत्यूनंतर खाणं टाकते. २०१८च्या 'क्लेर'मध्ये तो भ्रष्ट आर्चबिशप आहे आणि पोलंडमध्ये तो चित्रपट ५० लाखांहून अधिक लोकांनी थिएटरात जाऊन पाहिला. या दोन्हींवर लिहिण्यासारखं खूप आहे, पण माझं मन त्याच्या एका एकपात्री प्रयोगाकडे ओढ घेतं.

आंजेय श्चिपिओर्स्कीची १९७१ची कादंबरी आहे, 'आरास शहरासाठी मास' (मास म्हणजे चर्चमधली सामूहिक प्रार्थना). पंधराव्या शतकातलं, आजच्या उत्तर फ्रान्समधलं शहर. आधी दुष्काळ आणि प्लेग. मग काही वर्षांनी शहर अचानक आपल्यातल्याच ज्यूंवर आणि चेटकाचा आळ आलेल्या माणसांवर उलटतं. शेवटी बिशप सगळ्यांना माफ करतो, जणू काही घडलंच नाही. यान नावाचा माणूस, जो त्या सगळ्यात सामील होता आणि वाचला, तो ही हकिगत सांगतो. पोलंडमध्ये ती वाचली गेली ती १९६८च्या मार्चवरची कादंबरी म्हणून. त्या वर्षी कम्युनिस्ट पक्षाने ज्यूंविरुद्ध मोहीम उघडली आणि हजारो पोलिश ज्यूंना देश सोडावा लागला. ज्या वर्षांत हे चाललं होतं, त्याच वर्षांत टीव्हीवर यानेक कोस आणि शारिक बर्लिनकडे निघाले होते.

गायोसने ही कादंबरी एकट्याने रंगमंचावर केली. समोर दुसरं पात्र नाही, म्हणजे ज्यावर त्याचा सगळा अभिनय उभा आहे ते ऐकणंच त्याला इथे उपलब्ध नाही. यानला प्रेक्षकांना पटवायचं आहे की त्याच्या जागी तेही असंच वागले असते. ते काम परक्या चेहऱ्याला जमणार नाही. त्यासाठी सगळ्यांच्या घरातला माणूस लागतो. एवढी माया कमावलेला आणि तिचा असा वापर करायला तयार असलेला नट एका पिढीत एखादाच होतो. ही संहिता मराठीत आणून कुणीतरी प्रयोग करावा, असं मला फार वाटतं. आणि ते काम रोज रात्री घराघरात दिसणाऱ्या, लोकांनी दादा म्हणून स्वीकारलेल्या नटाने करावं.